सोंथ आला, तरी फेरन अंगावरच

काश्मीरच्या हवेने एका सुभेदाराची चांगलीच फजिती केली, अशी गोष्ट तिथल्या पंडित घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अफगाण अंमलाची ती अखेरची वर्षे. महाशिवरात्रीला काश्मिरी पंडित ‘हेरथ’ म्हणतात. महाराष्ट्राच्या पंचांगात ती माघ वद्यात येते, उत्तरेच्या पंचांगात त्याच दिवसांना फाल्गुन म्हणतात. हेरथच्या सुमारास बर्फ पडतेच, अशी पंडितांची ठाम समजूत. सुभेदार जब्बार खानाच्या कानावर ती गेली आणि त्याने फर्मान काढले, की यंदा हेरथ आषाढात करायची. पाहू कसे बर्फ पडते ते! पंडितांचा नाइलाज झाला. त्यांनी आषाढात पूजा मांडली आणि त्या रात्री, भर उन्हाळ्यात, बर्फ पडले. उभी पिके गेली आणि जब्बार खानाचे नाव टिंगलीचा विषय झाले.

गोष्ट खरी की रचलेली, याचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. १८१९ साली रणजितसिंहांच्या फौजेने खोरे जिंकले आणि जब्बार खानाची सुभेदारी संपली, एवढे इतिहासात आहे. पण ही गोष्ट काश्मीरमध्येच जन्माला यावी, यात नवल नाही. फेब्रुवारी संपता संपता आणि मार्चभर तिथली हवा असे काही रंग दाखवते, की आषाढातल्या बर्फाचीही कल्पना अगदीच अशक्य वाटू नये. सकाळी दल सरोवरावर कोवळे ऊन, दुपारी झबरवानच्या डोंगरावर काळे ढग, संध्याकाळी पाऊस आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच डोंगराच्या माथ्यावर ताजे पांढरे बर्फ. शिकारावाल्याला ‘उद्या हवा कशी असेल?’ असे विचारावे, तर तो आधी डोंगराकडे पाहतो आणि मग हसतो.

काश्मिरी माणसाने हिवाळ्याची मोजणी मात्र चोख करून ठेवली आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’, म्हणजे थोरली थंडी. मग वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, धाकटी. शेवटी दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’, म्हणजे थंडीचे शेंडेफळ. अशा सत्तर दिवसांच्या तीन पाती मार्चच्या आरंभी संपतात. काश्मिरी वसंताचे नाव ‘सोंथ’. तो मार्चच्या मध्याला सुरू होतो आणि मेच्या मध्यापर्यंत चालतो. चिल्लई बच्चा गेलेला आणि सोंथ अजून आलेला नाही, असा पंधरवडा मध्ये उरतो. तो कोणाच्याच मालकीचा नाही. कागदोपत्री थंडी सरलेली असते; पण फेरन अंगावरून उतरत नाही आणि फेरनच्या आत धरलेली कांगडीही विझत नाही. वेताच्या टोपलीत बसवलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे म्हणजे कांगडी. ती माळ्यावर कधी टाकायची, हा घरोघरी वादाचा विषय. आणि घाई करणारा बहुधा पस्तावतो. हिवाळ्याच्या लांब सुट्टीनंतर शाळाही याच सुमारास उघडतात. हवा बिघडली, तर ती तारीख पुढे ढकलावी लागते.

हा लहरीपणा येतो फार दुरून. भूमध्य समुद्र आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात उगम पावलेले हवेचे विक्षोभ वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत हिमालयाला येऊन थडकतात. वेधशाळेच्या बातम्यांत त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी महिन्याकाठी असे चार-सहा पाहुणे येऊन जातात. पाहुणा यायचा असला, की आधी आभाळ भरते. ढगांची गोधडी पसरल्याने रात्रीचा गारठा कमी होतो आणि नवख्याला वाटते, आला उन्हाळा! मग पाऊस सुरू होतो. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटरवर आहे, तर जेमतेम पन्नास किलोमीटरवरचे गुलमर्ग २,६०० मीटरच्याही वर. त्यामुळे एकाच ढगाचे खाली पाणी होते आणि वर बर्फ. पाहुणा पुढे सरकला, की आभाळ लख्ख होते आणि सगळ्यांना हायसे वाटते. खरा दगा तिथेच असतो. गोधडी ओढून घेतल्यावर उघड्या रात्री जमिनीची ऊब भराभरा निघून जाते आणि पहाटे पारा शून्याला टेकतो. ढगाळ दिवसांपेक्षा त्यानंतरची चांदणी रात्रच बागवानाची झोप उडवते.

महाराष्ट्रात पाऊस म्हटला, की जून ते सप्टेंबर. काश्मीरच्या खोऱ्यात हे गणित उलटे आहे. पीर पंजालच्या रांगेने मोसमी वाऱ्यांना बरेचसे बाहेरच अडवले आहे. श्रीनगरला वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळते आणि त्यातला सर्वांत ओला महिना मार्च. म्हणजे ज्या महिन्यात नागपूर-जळगावकडे कूलर माळ्यावरून खाली येतात, त्याच महिन्यात दलच्या काठी छत्र्यांना उसंत नसते.

सरोवरांचा या हवेशी संबंध जुना आहे आणि तो नुसता देखावा म्हणून नाही. झेलमच्या वाटेवर बसलेले वुलर हे या खोऱ्यातले सर्वांत मोठे सरोवर. डोंगरांवरचे बर्फ वितळून नदीला लोंढा आला, की वुलर आडवे पसरते आणि तो पोटात घेते. पाणी ओसरले, की आक्रसते. त्याचे प्राचीन नाव महापद्मसर. ‘वुलर’ हे नाव ‘उल्लोल’, म्हणजे उसळत्या लाटा, या संस्कृत शब्दावरून आले असे म्हणतात, आणि नावाप्रमाणे त्याचे गुणही आहेत. सकाळी आरशासारखे पडलेले पाणी दुपारी डोंगरावरून वारा सुटला, की खवळते. म्हणून जुने नावाडी सकाळीच वुलर पार करीत. पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीन याने या सरोवरात ‘झैना लंक’ नावाचे बेट बांधून घेतले, ते वादळात सापडलेल्या नावांना आसरा मिळावा म्हणून. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, अवंतिवर्मा राजाच्या सुय्य नावाच्या कर्तबगार माणसाने बारामुल्लाजवळ झेलमच्या पात्रात अडकलेले दगड काढून पाण्याला वाट करून दिली आणि पुरात बुडणारी जमीन लागवडीला आणली. त्याच्या नावाचे सुय्यपूर म्हणजे आजचे सोपोर, सफरचंदांच्या बाजारपेठेचे शहर. बिघडणाऱ्या हवेची आणि चढणाऱ्या पाण्याची चिंता काश्मीरला काल-परवाची नाही, ती अशी हजारभर वर्षांची.

दल सरोवराचा स्वभाव वेगळा. ते उथळ आहे. बहुतेक ठिकाणी पाणी पुरुष-दीड पुरुषाच्या वर नाही. दाचीगामच्या डोंगरांतून येणारा तेलबल नाला त्याला बर्फाचे पाणी पुरवतो आणि जादा पाणी दलगेटच्या दरवाजातून झेलमकडे सोडले जाते. झेलम फुगली, की हेच दरवाजे बंद करावे लागतात, नाहीतर नदीच सरोवरात शिरेल. सरोवरावर राहणाऱ्यांची वसंतातली धांदल पाहण्याजोगी असते. लव्हाळी आणि पाणवनस्पतींच्या जाड चटया विणल्यासारख्या करून त्यांवर चिखल चढवायचा आणि काकडी, भोपळा, टोमॅटो लावायचे, ही तरंगती शेती. तिथे तिला ‘राद’ म्हणतात. ही शेते दोरीने ओढून नेता येतात. त्यामुळे शेत चोरीला जाण्याची तक्रार होऊ शकते, असा हा जगावेगळा मुलूख! कोवळी रोपे बाहेर केव्हा काढायची, हा इथला मार्चमधला मोठा प्रश्न. लवकर काढली तर पहाटेचा गारठा खातो, उशीर झाला तर बाजारात पहिल्या मालाला मिळणारा भाव हातचा जातो.

पण या हवेचा खरा जुगार चालतो तो बदामाच्या झाडावर. फळझाडांत सर्वांत आधी, पाने फुटण्याच्याही आधी, बदाम फुलतो. मार्चच्या उत्तरार्धात श्रीनगरला हरिपर्वताच्या पायथ्याशी असलेली बदामवारी फिक्या गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरून जाते. नवरेह, म्हणजे काश्मिरी पंडितांचे नववर्ष, चैत्र शुद्ध प्रतिपदेचे. अर्थात महाराष्ट्रातला गुढीपाडवा तोच दिवस. आदल्या रात्री तांदूळ, दही, अक्रोड, लेखणी, आरसा, फुले आणि नव्या वर्षाचे पंचांग असे एका थाळीत मांडून ठेवायचे आणि पहाटे डोळे उघडताच आधी तिचे दर्शन घ्यायचे, ही रीत. त्यानंतर हरिपर्वतावर देवीदर्शन आणि बदामवारीत सहल. बदामवारीला हिंदू आणि मुसलमान दोघेही लोटत. सामोवारमध्ये चहा उकळत असे आणि भाजलेले शिंगाडे विकायला बसलेले असत. १९९० नंतर बहुसंख्य पंडितांना खोरे सोडावे लागले आणि नवरेहची थाळी जम्मू-दिल्लीच्या उकाड्यात मांडली जाऊ लागली. ओसाड पडलेली बदामवारी पुढे नव्याने लावण्यात आली आणि २००८ मध्ये पुन्हा खुली झाली. फुले बघायला आता पुन्हा गर्दी होते.

ही फुले पाहणाऱ्यासाठी शोभा आहेत, पण पुलवामा-बडगामच्या पठारी वाड्यांवर ज्याचा बदाम आहे त्याच्यासाठी ती वर्षाची कमाई आहे. बदामाच्या बहुतेक जातींना दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग लागतो आणि तो आणायचा मधमाश्यांनी. मधमाशी पावसात बाहेर पडत नाही आणि बारा-तेरा अंशांच्या खाली हवा गार असली तरीही पोळ्यातच बसून राहते. म्हणजे फुले उमललेल्या आठ-दहा दिवसांत एक लांबलेला विक्षोभ आला, की झाड फुललेले राहते आणि फळ धरत नाही. त्यातून वाचले, तर मागाहून येणारी चांदणी रात्र आहेच. उमललेल्या फुलाला शून्याच्या खाली दोन-तीन अंश गेलेली पहाट पुरेशी होते. बाहेरून पाकळ्या जशाच्या तशा दिसतात, आतला गाभा काळा पडतो. हा धोका सोसण्यापेक्षा अनेकांनी बदाम काढून सफरचंद लावले. सफरचंद एप्रिलमध्ये फुलते, तोवर कडाक्याची थंडी बहुधा सरलेली असते.

सफरचंदवाल्यांची मात्र दुसरीच डोकेदुखी. कळ्या फुटताना सतत ओलावा राहिला, की पानांवर आणि फळांवर ‘स्कॅब’ नावाची बुरशी धरते. फळ खरबरीत, डागाळलेले निघते. १९७३ साली या रोगाने खोऱ्यातल्या बागा झोडपून काढल्या. तेव्हापासून वसंतातल्या फवारण्या हा बागेच्या खर्चातला मोठा भाग झाला आहे. औषध फवारून घरी यावे आणि संध्याकाळच्या सरीने ते धुऊन न्यावे, हा अनुभव तिथल्या बागवानाला नवा नाही. नाशिकच्या द्राक्षबागाइतदाराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग काश्मिरी माणूस या पावसाला शिव्या देतो का? देतो, पण जपून. कारण मार्चमधला पाऊस आणि डोंगरावरचे बर्फ ही त्याची वर्षभराची ठेव आहे. जूनमध्ये भाताची लावणी होते, ती लिद्दर, सिंध, झेलम यांच्या बर्फाच्या पाण्यावर. गावोगावचे झरे, ज्यांना तिथे ‘नाग’ म्हणतात, त्यांचे पाणीही तेच. त्यातही जुने लोक भेद करतात: चिल्लई कलांमध्ये पडलेले बर्फ कोरडे आणि टिकाऊ, उन्हाळ्यापर्यंत पुरणारे, मार्चमधले ओलसर, चार दिवसांत वाहून जाणारे. हवामानशास्त्राचेही म्हणणे याहून वेगळे नाही. थोरल्या थंडीत बर्फ झाले नाही, तर धाकट्या थंडीने कितीही भरपाई केली तरी ती पुरती होत नाही.

अति झाले, की हीच ठेव अंगावर येते. फेब्रुवारी २००५ मध्ये सलग झालेल्या हिमवर्षावाने कुलगामकडच्या वाल्टेंगू नाड या डोंगरी वस्तीवर हिमकडा कोसळला आणि शंभराहून अधिक माणसे गाडली गेली. मार्च २०१५ ची आठवण तर श्रीनगरच्या घराघरांत आहे. आदल्या सप्टेंबरातल्या महापुराने शहर बुडाले होते. भिंतींवरचे चिखलाचे पट्टेही पुसले गेले नव्हते. मार्चच्या अखेरच्या दिवसांत पाऊस थांबेना. झेलमने संगम आणि राममुन्शीबाग इथली पुराची खूण ओलांडली. ३० मार्चला बडगाम जिल्ह्यात लाडेन गावी डोंगराचा कडा घरांवर आला आणि १६ जण दगावले. श्रीनगरमध्ये लोकांनी नुकतीच विकत घेतलेली अंथरुणे-भांडी पुन्हा वरच्या मजल्यावर नेली. नदी या वेळी शहरात शिरली नाही. पण सहा महिन्यांपूर्वी ज्यांनी रात्र छपरावर काढली होती, त्यांना ते कसे ठाऊक असणार?

एवढे सगळे असूनही अलीकडच्या वर्षांत खोऱ्यातल्या जाणत्यांना वेगळीच भीती वाटू लागली आहे. हवा लहरी आहे म्हणून नव्हे, तर ती लहर करीनाशी झाली म्हणून! २०२२ च्या मार्चमध्ये देशाने १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च पाहिला. कमाल तापमानाच्या त्या नोंदीला काश्मीरचा उन्हाळी मार्चही अपवाद नव्हता. २०२४ च्या जानेवारीत ऐन चिल्लई कलांमध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते आणि बर्फावर घसरायला आलेले पर्यटक पिवळ्या गवतावर फोटो काढून परतत होते. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फाअभावी गुलमर्गचे राष्ट्रीय हिवाळी खेळ पुढे ढकलावे लागले. ते मार्चमध्ये पार पडले, तेही उशिरा का होईना विक्षोभ आले म्हणून. त्याच फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यातला अचबलचा झरा आटला. अचबलची बाग नूरजहानने सतराव्या शतकात या झऱ्याच्या जोरावर उभी केली. आसपासच्या गावांना पिण्याचे पाणीही त्याचेच. कारंज्यांच्या कोरड्या हौदात माणसे उतरून पाहत होती, ही बातमी खोऱ्यात पुराच्या बातमीइतकीच गंभीरपणे वाचली गेली.

सलग कोरडे, उबदार दिवस सुखाचे वाटतात, पण झाडाला ते फसवतात. सफरचंदाला हिवाळ्यात सुमारे हजार-बाराशे तासांची थंडी लागते. ती पुरी झाल्यावरच झाड नीट जागे होते. थंडी कमी पडली तर मोहोर विस्कळीत, आणि फेब्रुवारी तापला तर बदाम, जर्दाळू आठ-पंधरा दिवस आधीच फुलून बसतात. मग मार्चमधला नेहमीचा विक्षोभ नेहमीच्याच वेळी येतो आणि नेमका उमललेल्या फुलांवर येतो. पाहुणा वेळेवरच आलेला असतो, यजमानच आधी उठून बसलेला!

दलच्या वरच्या अंगाला, झबरवानच्या उतरणीवर २००७ साली सुरू झालेल्या ट्यूलिप बागेलाही हाच हिशेब करावा लागतो. एके काळी सिराज बाग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुमारे ३० हेक्टर जागेत हॉलंडहून आणलेल्या कंदांची आता लाखो फुले उमलतात. बाग उघडी राहते जेमतेम महिनाभर. २०२३ मध्ये ती १९ मार्चला उघडली, २०२५ मध्ये २६ मार्चला. तारीख माळ्यांपेक्षा हवाच अधिक ठरवते. गार हवेत फूल टिकते, ऊन चढले तर चार दिवसांत पाकळ्या गळतात आणि वादळी सरीने एका दुपारी वाफा आडवा होतो. म्हणून एकाच वेळी सगळे न फुलवता लवकर, मध्यम आणि उशिरा येणाऱ्या जाती मिसळून लावतात. फुलांचे वेड या खोऱ्याला जुनेच: १६२० साली वसंतात जहांगीर इथे आला, तेव्हा त्याच्या पदरी असलेल्या मन्सूर या चित्रकाराने इथली शंभराहून अधिक फुले रंगवली.

आता महाराष्ट्रातूनही पुष्कळ कुटुंबे परीक्षा आटोपताच, ट्यूलिपचे वेळापत्रक पाहून तिकडे निघतात. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. स्वेटरवर भागवू नये. पाऊस अडवील असा वरचा कोट, लोकरी मोजे आणि पाण्यात भिजून फुटणार नाहीत असे बूट घ्यावेत, मुलांसाठी एक जोड जास्त. दुसरे, परतीच्या तिकिटाच्या आधी एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. जम्मू-श्रीनगर महामार्ग रामबनच्या बाजूला दरडी कोसळून बंद पडणे हे मार्च-एप्रिलमध्ये ठरलेलेच, आणि ढगाळ हवेत विमानेही रद्द होतात. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे धावू लागली, त्यामुळे अडकून पडण्याची धास्ती काहीशी कमी झाली आहे. सरोवरात फिरायचे तर शिकारा सकाळी ठरवावा. आणि दुपारी चारच्या सुमारास शिकारावाल्याने न विचारता नाव काठाकडे वळवली, तर पैसे वाचवतोय असे समजून त्याच्याशी हुज्जत घालू नये. त्याने झबरवानकडे पाहिलेले असते.